मिठावरचा कर आणि सोलापूरचे चौघे

आम्ही उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून शिकवतो, त्यामुळे शब्दांचे गोंधळ आमच्या वाट्याला जरा जास्तच येतात. त्यांतला एक दरवर्षी ठरलेला. घरी रमजानमध्ये अब्बा कागद-पेन्सिल घेऊन बसतात, अम्मीच्या दागिन्यांचे वजन विचारतात आणि अडीच टक्क्यांची जकात काढतात. आणि इकडे पुण्याच्या वेशीवर जुन्या पाट्यांवर लिहिलेले असते ‘जकात नाका’. २०१३ पर्यंत तिथे ट्रकच्या रांगा लागत. मुले विचारतात, “टीचर, ट्रकवाल्यांना वर्षभर जकात का द्यावी लागायची?”

प्रश्न भाबडा आहे, पण टाकाऊ नाही. दरबारी फारसीने अरबी शब्द उचलला आणि तो मराठीत आला तो थेट चुंगीच्या खांबावर जाऊन बसला. महसूल, हासिल, तहसील ही सगळी अशीच अरबी घराण्यातली मंडळी. आपल्याकडे येऊन सरकारी नोकरीला लागली. पण जकात या शब्दाची गंमत अशी की त्याचा मराठी अर्थ मूळ अर्थाच्या जवळजवळ उलटा झाला. आपली जकात ही इबादत आहे. तिचा दर ठरलेला, ती कोणाला द्यायची ते आठ वर्ग सूरह तौबामध्ये ठरलेले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याच्याकडे निसाबइतकी मालमत्ता नाही त्याच्यावर ती नाहीच. गरिबाने द्यायची नसते, गरिबाला मिळायची असते. नाक्यावरची जकात मात्र पोत्याला विचारते, पोते कोणाच्या घरी चालले आहे ते विचारत नाही.

या महिन्यात आठवीला ‘सविनय कायदेभंग’ हा पाठ घ्यायचा आहे, म्हणून हा विषय. त्या पाठात मीठ आहे, आणि आपल्यासाठी त्यात आणखीही काही आहे, ते पुढे सांगतो.

मिठाबद्दल एक हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत येते. यमनमध्ये मआरिब येथे मिठाची जागा होती. अब्यज बिन हम्माल (रजि.) यांनी ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती त्यांना देऊन टाकली. ते उठून गेल्यावर मजलिसमधल्या एका माणसाने लक्षात आणून दिले की तिथले मीठ म्हणजे कधी न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे. तेव्हा ती देणगी परत घेण्यात आली. फुकहांनी पुढे यावरून नियम बांधला की जे खनिज उघड्यावर पडलेले आहे आणि जे घ्यायला फारशी मेहनत लागत नाही, ते कोणा एकाच्या मालकीचे करून देता येत नाही. मीठ हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

म्हणजे मुस्लिम राज्यांत मिठावर कर नव्हताच, असे कोणी समजू नये. होता. हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी खिलाफत हाती घेतल्यावर शरिअतबाहेरचे जादा कर बंद केले, ते नंतरच्यांनी पुन्हा सुरू केले. औरंगजेबाने राहदारीसारखे कितीतरी कर माफ केल्याची फर्माने काढली आणि त्याच्याच अंमलदारांनी ते पुढे वसूल केले. नवाबांच्या बंगालमध्येही मिठावर हासिल होताच. शिवाजी महाराजांनीही १६७१ साली कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले होते. पण त्यामागचे कारण पाहा. पोर्तुगीजांच्या मुलखातले स्वस्त मीठ आले तर आपल्या संगमेश्वराकडचे मीठ पडून राहील, आपले आगरवाले बुडतील, ही चिंता त्यात आहे. कर तोच, मीठ तेच, पण तो कोणाच्या बाजूने बसवला जातो यावर सगळे अवलंबून असते. इंग्रजांनी नेमके उलटे केले. इथल्या मिठावर बोजा टाकला आणि बंगालच्या बाजारात लिव्हरपूलच्या बोटींतून विलायती मीठ उतरवले.

मुलांना आम्ही एक साल फळ्यावर मोठे लिहून देतो : १७६५. त्या वर्षीच्या मार्चमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींवर स्टॅम्पचा कर बसवला. दस्तऐवज, वर्तमानपत्रे, अगदी पत्त्यांचे जोड, सगळ्यावर सरकारी शिक्का हवा. तिकडच्या लोकांनी म्हटले, पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस बसत नाही, तर आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण? इतका गदारोळ झाला की वर्षभरात तो कायदा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे बादशाह शाह आलम यांनी बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल गोळा करण्याचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला. आणि लगोलग क्लाईव्हने मीठ, सुपारी आणि तंबाखू या तीन जिनसांचा व्यापार कंपनीच्या बड्या साहेबांच्या मंडळीकडे मक्त्याने दिला. पानदानातले दोन जिन्नस आणि दस्तरखानावरचा एक, असे तिन्ही एकदम गेले.

पुढची गोष्ट अमेरिकेच्या इतिहासात येते, पण तिचे एक टोक आपल्याकडे आहे. १७७० च्या सुमारास बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला, माणसे लाखोंनी मेली, तरी वसुली थांबली नाही. त्या लुटीनंतरही कंपनी कर्जात बुडाली. तिला वाचवायला पार्लमेंटने १७७३ मध्ये तिच्या गोदामांत साठलेला चहा अमेरिकेत स्वस्तात खपवण्याची सोय करून दिली. चहा स्वस्त, पण त्यावर लहानसा कर कायम. बोस्टनच्या लोकांनी कर देऊन स्वस्त चहा पिण्यापेक्षा १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या बंदरात फेकल्या. तिथून जे सुरू झाले ते राज्यक्रांतीपर्यंत गेले. ज्यांनी पेट्या फेकल्या ते तिथल्या आदिवासींचा, म्हणजे ‘इंडियन’ लोकांचा वेष करून आले होते, हे सांगितले की वर्ग हसतो. आणखी एक गोष्ट मुलांना आवडते. त्या लढाईत पेन्सिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचे नाव ‘हायदर अली’ ठेवले होते. म्हैसूरचा तो शिपाईगडी इंग्रजांना झोडपतो आहे, ही बातमी तिथपर्यंत पोचली होती.

आता आपल्या इलाख्यात येऊ. मुंबई इलाख्यात १८३७ साली मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो एकदम दुप्पट करून रुपया केला. त्या ऑगस्टमध्ये सुरत पेटली. सुरत म्हणजे ज्या बंदरातून आपले पूर्वज हजला जात, ज्याला ‘बाब-उल-मक्का’ म्हणत, ते शहर. दुकाने बंद झाली, हिंदू आणि मुसलमान दोघेही रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावे लागले. शेवटी सरकारने रुपयाचे बारा आणे केले. १८५७ च्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट. शाळेच्या पुस्तकात तिला जागा मिळत नाही, आणि आमच्या मते मिळायला हवी.

त्यानंतर दर वरखाली होत राहिले. १८८८ मध्ये तो मणाला अडीच रुपये झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळात गेल्यावर १९०२ च्या अर्थसंकल्पावरच्या आपल्या पहिल्याच भाषणात मिठावर बोलले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत असताना गरिबाच्या मिठावर इतका कर कशाला, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो त्यांनी आकडे मांडून वर्षानुवर्षे लावून धरला. १९०३ मध्ये दर दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. गोखल्यांना ‘अर्ज करणारे’ म्हणून हिणवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. दर उतरत गेले ही गोष्ट मात्र कागदावर आहे.

१९२३ मध्ये मात्र बोस्टनची आठवण यावी असे घडले. सरकारने कर पुन्हा दुप्पट, म्हणजे अडीच रुपये करायचे ठरवले. मध्यवर्ती कायदेमंडळाने नकार दिला. तेव्हा व्हॉइसरॉयने आपला खास अधिकार वापरून तो मंजूर करून टाकला. वर्षाने तो सव्वा रुपयावर आला खरा, पण या देशातल्या प्रतिनिधींच्या ‘नाही’ची किंमत किती, हे सर्वांना कळून चुकले.

सव्वा रुपया म्हणजे किती? हे गणित आम्ही वर्गात करून घेतो, तुम्हीही घरी मुलांकडून करून घ्या. मण म्हणजे चाळीस शेर. सव्वा रुपया म्हणजे वीस आणे. तेव्हा शेराला अर्धा आणा कर पडला. माणशी वर्षाला सहा शेर मीठ धरा, घरात पाच माणसे, म्हणजे तीस शेर आणि पंधरा आणे. २ मार्च १९३० ला गांधीजींनी व्हॉइसरॉय आयर्विनला जे पत्र लिहिले त्यात त्यांनी सरासरी हिंदी माणसाची दिवसाची कमाई दोन आण्यांहून कमी सांगितली होती आणि व्हॉइसरॉयचा पगार दिवसाला सातशे रुपयांहून जास्त. दोन आणे धरले तर पंधरा आणे म्हणजे एका माणसाची साडेसात दिवसांची कमाई. आणि मीठ फक्त सालनात पडत नाही. लोणचे, पापड, कोकणातले सुके बोंबील आणि सुकट, गुरांचे खाद्य, कातडी टिकवणे, सगळ्याला ते लागते. बकरी ईदनंतर कातडे गोळा करणाऱ्यांना विचारा, एका दिवसात किती पोती लागतात ते.

कायद्याची दुसरी बाजू अधिक जाचक होती. समुद्रकाठच्या माणसाला खाडीत आपोआप सुकलेले मीठ ओंजळीने उचलायलाही बंदी होती. तो गुन्हा होता. मिठागरांवर खात्याचे पहारेकरी असत, आणि पडलेले मीठ लोकांच्या हाती लागू नये म्हणून ते मातीत तुडवले जाई. मआरिबची हदीस इथे पुन्हा आठवते.

दांडीची यात्रा सर्वांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचलले आणि ५ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना कराडी गावी पकडले. खटला नाही, वकील नाही, १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली अटक. गाडी बोरिवलीला थांबवून त्यांना उतरवले आणि मोटारीने आमच्या पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात आणले.

त्यांच्यानंतर सत्याग्रहाची धुरा कोणाकडे गेली, हे मुलांना विचारले तर बहुतेक सरोजिनी नायडूंचे नाव सांगतात. त्या होत्याच, पण त्यांच्या आधी अब्बास तय्यबजी होते. वय ७६. बडोद्याच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, विलायतेत शिकलेले, काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांचे पुतणे. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी इंग्रजी राज्याला चांगले म्हणण्यात घालवला. जालियनवाला बागेची चौकशी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीत बसले, साक्षी ऐकल्या आणि माणूस बदलला. सूट-बूट जाऊन खादी आली. पांढऱ्या दाढीचा हा वृद्ध १२ मे १९३० ला स्वयंसेवकांना घेऊन धारासण्याच्या मिठागरांकडे निघाला आणि वाटेतच पकडला गेला. २१ मेला धारासण्यावर जो मोर्चा गेला त्याच्या पुढाऱ्यांत सरोजिनीबाईंबरोबर इमाम अब्दुल कादिर बावजीर होते. हे दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या मशिदीत इमामत करत, तिथल्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि पुढे साबरमतीच्या आश्रमात येऊन राहिले. आश्रमात सगळे त्यांना ‘इमाम साहेब’ म्हणत. त्या दिवशी रांगेने पुढे जाणाऱ्यांच्या डोक्यावर लोखंडी टोकाच्या लाठ्या पडल्या आणि कोणी हात वर केला नाही. वेब मिलर नावाच्या अमेरिकन वार्ताहराने ते डोळ्यांनी पाहिले. त्याने ३२० जखमी मोजले, दोघे मेले होते. त्याची बातमी अमेरिकेत घरोघर वाचली गेली. बोस्टनच्या नातवंडांना ती समजायला अवघड गेली नसणार.

तोच १२ मे. त्याच दिवशी आपल्या कोकणात वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह सुरू झाला. वि. स. खांडेकर तेव्हा त्याच शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, हे आम्हा मास्तर लोकांना सांगायला आवडते. आणि त्याच १२ मेला सोलापुरात लष्करी कायदा जाहीर झाला.

सोलापूरला समुद्र नाही, मीठ कुठून काढणार? तिथल्या लोकांनी दुसऱ्या करावर बोट ठेवले. ताडी-शिंदीवर सरकारला अबकारी मिळे, म्हणजे गरीब गिरणी कामगार जितका पिणार तितकी तिजोरी भरणार. म्हणून शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम निघाला. आपल्या घरांत हे वेगळे समजावून सांगायला नको. गांधीजींच्या अटकेने शहर आधीच तापले होते, गिरण्या बंद होत्या. ८ मेला झाडे तोडायला गेलेल्यांना पोलिसांनी धरले, जमाव जमला, गोळीबार झाला. हातात झेंडा घेऊन पुढे झालेला शंकर शिवदारे पडला. मग जमावही पेटला. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, कोर्ट जळाले, पोलीस मारले गेले. त्यानंतर तीन-चार दिवस शहरात सरकार दिसत नव्हते. हे सगळे बकरी ईदच्या आसपासचे दिवस. नंतर फौज आली आणि जूनच्या अखेरीपर्यंत सोलापूर लष्कराच्या ताब्यात राहिले. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होई.

पोलिसांच्या खुनाबद्दल चौघांवर खटला चालला : मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. फाशीची शिक्षा झाली, अपिले फेटाळली गेली. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिले. गांधीजी त्या दिवशी त्याच तुरुंगाच्या भिंतीआड होते. त्यांची सुटका २६ जानेवारीला झाली, चौदा दिवसांनी.

कुर्बान हुसेन विशीतला तरुण होता. गिरणी कामगारांत काम करायचा आणि ‘गझनफर’ नावाचे पत्र काढायचा. गझनफर म्हणजे सिंह. पाठ्यपुस्तकात या चौघांसाठी एक वाक्य आहे. ते वाचून झाले की वर्गात दरवर्षी थोडी शांतता होते, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच विचारते, “टीचर, हे आपले होते?” हळूच का, ते आम्हाला कळते आणि तुम्हालाही कळेल. ज्या मुलाला खेळाच्या मैदानावर, रिक्षात, कधी मोबाईलवरच्या संदेशात ‘तुमच्या लोकांनी काय केले?’ हे ऐकावे लागते, त्याला या एका नावाचा आधार हवा असतो. त्याला आम्ही सांगतो, हो, आपले होते. धनशेट्टी, सारडा, शिंदे हेही आपले होते.

पण मुलांना अर्धे सांगून पाठवू नये, म्हणून उरलेलेही सांगतो. १९३० साली मुसलमान समाज खिलाफतीच्या दिवसांसारखा एकदिलाने रस्त्यावर नव्हता. १९२८ च्या नेहरू रिपोर्टने बरेच जण दुखावले होते. मौलाना मुहम्मद अली, जे दहा वर्षांपूर्वी गांधीजींच्या खांद्याला खांदा लावून फिरत होते, त्यांनीच या चळवळीपासून दूर राहा असे उघडपणे सांगितले. मुंबईत, पुण्यात, कोकणात अनेकांनी ते मानले. त्यांना भित्रे किंवा इंग्रजधार्जिणे म्हणणे आम्हाला पटत नाही. उद्याच्या राज्यात आपली जागा कोणती, हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर त्यांना मिळत नव्हते. दुसरीकडे त्याच मे महिन्यात अमरोह्याला जमियत-ए-उलमा-ए-हिंदच्या अधिवेशनाने चळवळीत उतरण्याचा ठराव केला. सरहद्दीवर खान अब्दुल गफ्फार खान यांचे खुदाई खिदमतगार २३ एप्रिलला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात छातीवर गोळ्या झेलत उभे राहिले, आणि गढवाली पलटणीच्या हिंदू शिपायांनी त्यांच्यावर बंदूक चालवायला नकार दिला. मौलाना आझाद तुरुंगात गेले, डॉ. अन्सारी आधी साशंक होते, तेही गेले. घरातल्या घरात मतभेद असावेत तसे ते दिवस होते. मुलांना हे सगळे झेपते. त्यांच्या अब्बा आणि चाचांचे तरी निवडणुकीत एकमत कुठे असते?

खटल्याबद्दलही मुले विचारतात, की पोलीस तर मारले गेलेच होते ना? होते. तेही कोणाचे तरी मुलगे होते आणि त्यांच्या खुनाला आम्ही चांगले म्हणत नाही. पण शेकडोंच्या जमावातून हेच चार हात कसे निवडले गेले, हा प्रश्न सोलापूरने तेव्हाही विचारला. गुन्हा ठरवणारे, पुरावा मांडणारे आणि माफी नाकारणारे सगळे एकाच सरकारचे नोकर होते. वरच्या इयत्तेतल्या मुलांना आम्ही इथेच थांबवतो आणि त्यांनाच बोलू देतो. दोन तास पुरत नाहीत.

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात समुद्रकाठच्या गावकऱ्यांना स्वतःपुरते मीठ काढायची आणि गावात विकायची मुभा मिळाली. कर मात्र गेला नाही. तो गेला सोळा वर्षांनी, आणि ज्यांच्या हातून गेला ते नाव ऐकून शिक्षकखोलीतले सहकारीही चमकतात. हंगामी सरकारात अर्थखाते मुस्लिम लीगकडे होते. २८ फेब्रुवारी १९४७ च्या अर्थसंकल्पात लियाकत अली खान यांनी मीठकर रद्द केला आणि मोठ्या व्यापारी नफ्यावर जबर कर बसवला. काँग्रेसवाल्यांना दुसरी गोष्ट बोचली, पहिलीला कोणी विरोध करू शकत नव्हते. पुढे सहा महिन्यांत देशाचे दोन तुकडे झाले. फाळणीच्या त्या धुरळ्यात ही नोंद हरवून गेली. आज आपल्या किराणा दुकानाच्या बिलात मिठापुढे जीएसटी शून्य असतो. पुढच्या वेळी बिल आले की मुलांना ती ओळ शोधायला सांगा.

सोलापूरला कधी गेलात तर ‘चार पुतळा’ विचारा, कोणीही दाखवेल. चौघे एकत्र उभे आहेत. पुण्यातल्या मुलांना इतके लांबही जावे लागत नाही. येरवड्याचा तुरुंग २०२१ पासून शाळांच्या सहलींना दाखवला जातो, आधी परवानगी काढावी लागते. आंब्याचे झाड आणि गांधीजींची कोठडी पाहून मुले परत फिरतात. सोबतच्या शिक्षकांनी तिथे १२ जानेवारीचीही आठवण काढावी.

एक विनंती सोलापूरच्या आणि आसपासच्या वाचकांना. तिथल्या जुन्या घरांतून, पेटाऱ्यांतून, मशिदी-मदरशांच्या कपाटांतून बरेच उर्दू कागद रद्दीत जातात, कारण नव्या पिढीला ती लिपी येत नाही. ‘गझनफर’चा एखादा अंक, एखादे कात्रण, त्या काळचे एखादे पत्र कोणाच्या घरी असेल तर ते टाकू नका. झेरॉक्स काढून या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. वाचून, मराठीत उतरवून द्यायचे काम आम्ही करू. कागद जुना असेल तर घडी उलगडताना जपा, आणि शक्यतो मूळ प्रत टपालाने पाठवू नका.